पलटे घोटणं वेगळं, बढत करणं वेगळं

रोज तासभर रियाज करतो तरी गाताना स्वतःचं काही सुचतच नाही, ही तक्रार क्लासला जाणाऱ्या निम्म्या लोकांची असते, आणि नक्की काय करतोस विचारलं तर उत्तर येतं, सारेग रेगम गमप, मग दुप्पट, मग चौपट. म्हणजे तासभर पलटेच की, ठरलेल्या क्रमाने स्वर घोटणं! पलट्यांना मी नावं ठेवत नाहीये हां, गळा फिरायला, स्वर जागेवर लागायला, दम टिकायला दुसरा रस्ता नाही. पण पलट्यात पुढचा स्वर कुठला ते आधीच ठरलेलं असतं, आणि बढतीत, म्हणजे राग हळूहळू स्वतः फुलवत नेताना, तोच तर तुम्हाला ठरवायचा असतो.

भूप राग घ्या. सा रे ग प ध, पाचच स्वर, गणिताने 120 मांडण्या, त्या सगळ्या तोंडपाठ केल्या तरी भूप येईलच असं नाही, कारण हेच पाच स्वर देशकार रागातही आहेत. भूपात गंधार (ग) वादी, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचा स्वर, आणि वावर जास्त सप्तकाच्या खालच्या अंगात, देशकारात धैवत (ध) वादी आणि वरचं अंग. धैवतावर नको तेवढं रेंगाळलात की संध्याकाळचा भूप थेट सकाळच्या देशकारात जाऊन बसतो! कुठे थांबायचं, किती थांबायचं, गंधारावरून खाली येताना रिषभावर (रे) टेकायचं की नुसतं शिवून जायचं, हे कुठलाच पलटा सांगत नाही.

मग मेरुखंडाचं काय, असं कुणीतरी म्हणेलच. स्वरांच्या सगळ्या मांडण्या क्रमाने घोटायच्या, सात स्वरांच्या 5040, हा हिशेब तेराव्या शतकातल्या संगीत रत्नाकरापासून चालत आलाय आणि मुंबईचं भेंडीबाजार घराणं त्यासाठी ओळखलं जातं. वरवर बघितलं तर हाही पलट्यांचाच प्रकार. पण मेरुखंड वापरणाऱ्या उस्ताद अमीर खाँचा विलंबित (संथ लयीतला) ख्याल ऐका, हिशेब जाणवतसुद्धा नाही, कारण त्या ढिगातलं रागाला मानवेल तेवढंच ते उचलतात.

म्हणून तास वाटून घ्या. वीसेक मिनिटं पलटे, बाकी वेळ एकच राग, तोही दोन-तीन महिने तोच (कंटाळा येतो, येऊ दे). त्यात दहा मिनिटं फक्त सा रे ग, पंचमाकडे (प) जायचंच नाही. तीन स्वरांच्या मांडण्या सहाच, त्या मिनिटभरात संपतात, मग गळा अडतो, आणि अडल्यावरच मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं), श्वास, लय, मधली शांतता असलं काहीतरी शोधावं लागतं. ॲपवर तीनताल लावून 16 मात्रांत समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायचं बंधन घातलं तर अजून मजा. मोबाइलवर रेकॉर्ड करा पण ऐका दुसऱ्या दिवशी, लगेच ऐकलं तर एकतर सगळंच भारी वाटतं नाहीतर सगळंच भिकार. आणि एखादी छान जागा सापडली की ती रोज तशीच्या तशी घ्यायचा मोह होतो, चार दिवसांत तिचाही पलटा होतो, त्यापेक्षा तिथे वेगळ्या स्वरावरून पोचून बघा नाहीतर आठवडाभर तिकडे फिरकूच नका.