नॉरफोक ते मायामी: दोघांच्या बोटींचा रस्ता कुणी खणला?

ऑक्टोबरात मेरीलँडमधल्या अ‍ॅनापोलिसची बोट-प्रदर्शनं आटोपली की अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर बोटींची एक रांग दक्षिणेकडे सरकू लागते. तीस-चाळीस फुटी बोटी, बऱ्याच बोटींवर दोनच माणसं. नवरा-बायको, पुष्कळदा साठी उलटलेले. चेसापीक उपसागर उतरून व्हर्जिनियातल्या नॉरफोकला यायचं आणि तिथून इंट्राकोस्टल वॉटरवेने, म्हणजे किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या आतल्या पाण्याने, फ्लोरिडा गाठायचा. नॉरफोकला शून्य मैल, मायामीला सुमारे १,०९०. वसंतात त्याच वाटेने परत. वेळापत्रक वादळं ठरवतात. आपल्याकडे १ जूनला मासेमारी बंद होते, तिकडे त्याच तारखेला हरिकेनचा हंगाम सुरू होतो आणि ३० नोव्हेंबरपर्यंत चालतो. तो सरत आल्याशिवाय दक्षिणेत उतरलात तर नुकसानभरपाई मिळणार नाही, अशी अट अनेक विमा कंपन्या घालतात.

आतूनच का जायचं? बाहेर नॉर्थ कॅरोलायनाचं समुद्रात घुसलेलं टोक, केप हॅटरास, आहे. वाळूच्या सरकत्या दांड्यांवर तिथे इतकी जहाजं फुटली की त्या पाण्याला अटलांटिकचं कब्रस्तान म्हणतात. शिवाय बाहेरून जायचं तर रात्रभर पहारा आला, आणि दोनच माणसं असली की एक झोपतं तेव्हा दुसरं एकटंच सुकाणू धरून बसतं. आतल्या पाण्यात संध्याकाळी खाडीत नांगर टाकून दोघांना एकत्र जेवता येतं. या जगण्याविषयी बोलताना मोकळेपणाचे गोडवे फार गायले जातात. ते खोटे नाहीत. मात्र या मोकळेपणाखालचं पाणी बऱ्याच ठिकाणी माणसांनी खणलेलं आहे, आणि ते खणताना अशी जोडपी कुणाच्या डोक्यातही नव्हती.

१८०८ मध्ये अर्थमंत्री अल्बर्ट गॅलटिन यांनी सिनेटला रस्ते आणि कालव्यांचा अहवाल दिला. मॅसॅच्युसेट्सपासून दक्षिणेपर्यंत किनाऱ्याच्या आतून नौका नेता येतील, फक्त चार ठिकाणी जमीन आडवी येते, ती कापायला शंभर मैलांच्या आत खोदकाम लागेल, असा त्यांचा हिशोब होता. त्या चारांपैकी एक तुकडा न्यू जर्सीत होता. तिथला डेलावेअर अँड रॅरिटन कालवा १८३४ मध्ये खुला झाला आणि १९३२ च्या हंगामानंतर बंद पडला. आज प्रिन्स्टनच्या आसपास राहणारी मराठी मंडळी त्याच्या काठाने फिरायला जातात.

अहवालाआधीच, १८०५ मध्ये, डिस्मल स्वॅम्प कालवा सुरू झाला होता. व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या सीमेवरच्या दलदलीतून जाणारा हा २२ मैलांचा कालवा खणायला बारा वर्षं लागली. कमरेइतक्या चिखलात खणणारे होते मालकांकडून भाड्याने आणलेले गुलाम. दलदलीतल्या वृक्षांचं लाकूड आणि छपरांच्या फळ्या नॉरफोकच्या बाजारात पोचवणं हा कालव्याचा मोठा धंदा. याच भागात मोझेस ग्रँडी हा गुलाम मालवाहू बोटी चालवायचा. मालकाला ठरलेला हिस्सा देऊन उरलेल्या पैशातून त्याने स्वतःची किंमत साठवली. दोनदा पूर्ण पैसे भरूनही त्याला फसवलं गेलं, तिसऱ्यांदा सुटका झाली. त्याची पहिली बायको लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा विकली गेली. इतर गुलामांबरोबर तिला नेताना त्याने पाहिलं, पुन्हा ती कधी दिसली नाही. आज झाडांच्या कमानीखालून चहा पीत जाणाऱ्या जोडप्यांना त्या पाण्याचं खूप कौतुक असतं. ग्रँडीची हकिकत १८४३ पासून छापील स्वरूपात आहे. निघण्याआधी ती वाचावी, असं माझं मत.

पुढचं शतक तुकड्यातुकड्यांचं. १८५९ मध्ये शेजारचा, अधिक खोल अल्बेमार्ल अँड चेसापीक कालवा झाला. फ्लोरिडात एका खासगी कंपनीने राज्याकडून लाखो एकर जमिनीच्या बदल्यात खोदकाम केलं आणि पाण्यावर साखळ्या आडव्या टाकून टोल घेतला. हौशी प्रवासी मात्र रस्ता पूर्ण होण्याची वाट बघत बसले नाहीत. १८७४-७५ मध्ये नॅथॅनियल बिशप चक्क कागदी होडीतून फ्लोरिडापर्यंत गेला. १९१२ मध्ये हेन्री प्लमर मॅसॅच्युसेट्सहून छोट्या शिडाच्या बोटीने मायामीला निघाला, तो मुलाला आणि मांजराला घेऊन. जोडप्याने जायची रीत अजून पडायची होती.

१९०७ मध्ये फिलाडेल्फियाचे खासदार जे. हॅम्प्टन मूर यांनी जलमार्गासाठी संघटना उभारली आणि केंद्र सरकारने एकेक कालवा विकत घ्यायला सुरुवात केली. टोल गेले. गाळ काढायचं काम आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सकडे, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलाकडे, आलं. १९३६ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या मर्टल बीचमागचा खडक कापून शेवटचा दुवा जोडला गेला. तिथल्या खडकांच्या धारा ओहोटीला आजही पाण्याच्या कडेला दिसतात, समोरून मालवाहू बार्ज आलं तर लहान बोटीची पंचाईत होते. १९४२ मध्ये जर्मन पाणबुड्यांनी किनाऱ्यालगत जहाजं बुडवायला सुरुवात केल्यावर आतल्या वाटेचं महत्त्व सगळ्यांनाच पटलं.

जोडपी आली ती युद्धानंतर. फायबरग्लासमुळे बोट साच्यातून निघू लागली. १९५९ मध्ये न्यू यॉर्कच्या प्रदर्शनात आलेली २८ फुटी ‘पिअर्सन ट्रायटन’ मध्यमवर्गाला परवडणारी होती आणि लाकडी बोटीसारखी दरवर्षी सांधे भरायची कटकट नव्हती. साठच्या दशकात हाँगकाँगच्या ‘अमेरिकन मरीन’ने ‘ग्रँड बँक्स’ बोटी बांधायला घेतल्या. मच्छीमार बोटीसारखा बांधा, डिझेल इंजिन, सात-आठ नॉटचा (ताशी तेरा-पंधरा किलोमीटरचा) संथ वेग, आत स्वयंपाकघर आणि न्हाणीघर. १९६१ पासून पुरुषांनाही बासष्टाव्या वर्षी कमी दराने का होईना, सोशल सिक्युरिटीचं निवृत्तिवेतन घेता येऊ लागलं. स्त्रियांना ती सोय १९५६ पासूनच होती. माझ्या मते या जगण्यामागे साहसाइतकाच त्या चेकचा हात आहे.

गावांनाही या पाहुण्यांची सवय झाली. डिस्मल स्वॅम्पच्या दक्षिण टोकाच्या पलीकडे एलिझाबेथ सिटीत १९८३ मध्ये फ्रेड फिअरिंग आणि जो क्रेमर या दोघा मित्रांनी धक्क्यावर येणाऱ्या बोटींवरच्या बायकांना क्रेमरच्या बागेतला गुलाब आणि सगळ्यांना वाइन-चीज द्यायला सुरुवात केली. जॉर्जियातल्या सेंट मेरीजला थँक्सगिव्हिंगच्या सणाला, नोव्हेंबरअखेर, गावकरी टर्की भाजतात आणि बोटवाले सोबतचे पदार्थ आणतात.

अडचण आता गाळाची आहे. नॉरफोकपासून फ्लोरिडातल्या फोर्ट पिअर्सपर्यंत कागदावर खोली १२ फूट, त्यापुढे मायामीपर्यंत १०. पण गाळ काढायचा पैसा वाटताना कोणत्या मार्गावरून किती टन माल गेला हे बघतात, आणि माल केव्हाच ट्रकवर गेला. जॉर्जियात भरती-ओहोटीचा फरक सात-आठ फुटांचा, तिथले काही टप्पे भरतीची वेळ साधूनच ओलांडावे लागतात. नकाशावरची मार्गाची किरमिजी रेघसुद्धा दशकानुदशकं नीट सुधारली नव्हती. २०१३ मध्ये ती काढूनच टाकायचा विचार झाला, बोटवाल्यांनी ओरड केली, आणि २०१४ मध्ये ती दुरुस्त करून ठेवायचं ठरलं. डिस्मल स्वॅम्प कालवा २०१६ च्या मॅथ्यू वादळानंतर वर्षभर बंद होता.

शेवटच्या टप्प्यावर भांडण वेगळंच. मायामी बीचच्या काठावरच्या बंगलेवाल्यांना खिडकीसमोर नांगरलेल्या बोटी नको असतात. २०१६ मध्ये फ्लोरिडाने सनसेट लेकसह काही ठिकाणी रात्री नांगर टाकायला बंदी घातली. तिथे अंधार पडायच्या आत नांगर उचलून दुसरी जागा शोधावी लागते.