कोंबडीचं गळू पिकत नाही

आमची तांबडी दोन दिवस एक पाय पोटाशी घेऊन उभी राहत होती. काटा बोचला असेल, निघेल आपोआप, असं म्हणून मी दुर्लक्ष केलं. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला तिला टॉवेलात गुंडाळून काखेत धरलं आणि पाय उलटा करून पाहिला. तळव्याच्या बरोबर मध्यावर मसुराएवढी काळी खपली, भोवती सूज, बोट टेकवलं तर गरम. तळव्याच्या या जंतुसंसर्गाला पोल्ट्रीवाले ‘बंबलफूट’ म्हणतात.

याच्या मुळाशी बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू असतो. तळव्याला काच लागते, काटा बोचतो किंवा खुराड्यात बसायच्या खडबडीत दांडीचं कुसळ शिरतं, आणि एवढ्याशा चिरेतून तो आत जातो. आपल्या नाकात आणि कातडीवरही तो राहतो. एडिनबरो विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ साली जनुकांच्या अभ्यासातून दाखवलं, की ब्रॉयलर कोंबड्यांत जगभर पसरलेला त्याचा एक वंश माणसाकडूनच, त्याआधी जेमतेम चार दशकं, कोंबडीत गेला होता. त्यामुळे पायाला हात लावताना हातमोजे घालायचेच.

आपल्याकडे गळू झालं की म्हणतात, पोटीस बांधा, पिकू दे, मग फुटेल. कोंबडीच्या बाबतीत हे चालत नाही. माणसाच्या जखमेत ज्या पांढऱ्या पेशी धावून येतात, त्यांच्यात मायलोपेरॉक्सिडेज नावाचं विकर असतं आणि आपला पू पातळ होतो. पक्ष्यांत त्यांच्या जागी हेटेरोफिल नावाच्या पेशी असतात, आणि त्यांच्यात हे विकर नसतं. म्हणून कोंबडीचा पू वाहत नाही. तो सुकून पनीरसारखा घट्ट होतो आणि खपलीखाली खुंटीसारखा रुतून बसतो. कितीही दाबलं तरी बाहेर येत नाही, उलट जंतू आणखी खोल ढकलले जातात. तळव्याला मांस फारसं नसतं, कातडीच्या खाली लगेच स्नायुबंध आणि हाडं. म्हणूनच घरी ब्लेडने कापायला मी ठामपणे नाही म्हणेन.

सूज थोडी असेल आणि कोंबडी चरत-खात असेल, तर घरी एवढं करता येतं. दोन लिटर कोमट पाण्यात दोन-तीन चमचे एप्सम मीठ (मॅग्नेशियम सल्फेट) विरघळवायचं आणि त्यात पाय १० ते १५ मिनिटं बुडवून ठेवायचा. ते पाणी तिला पिऊ द्यायचं नाही, जुलाब होतात. मग पाय पूर्ण कोरडा करून पोव्हिडोन आयोडीन लावायचं, वर गॉजची छोटी घडी, आणि बोटांच्या मधून फिरवलेली पट्टी. पट्टी फार आवळली तर बोटं थंड पडतात, तासाभराने एकदा चाचपून बघावं. पट्टी रोज बदलायची. भिजून खपली आपणहून सुटली तर उत्तम, ओढून काढायची नाही.

सूज वर नळीकडे चढली, कोंबडी पाय टेकेनाशी झाली, किंवा चार-पाच दिवसांत काहीच फरक पडला नाही, तर सरळ पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. घरातली उरलेली अँटिबायोटिकची गोळी चुरून देऊ नये. औषध सुरू असताना आणि नंतर किती दिवस अंडी खायची नाहीत, तेही डॉक्टरांनाच विचारावं.

मला जास्त काळजी खुराड्याची वाटते. गावरान कोंबडी हलकी असते, पण वनराज, गिरिराज या जाती वजनदार. उंच दांडीवरून कडक जमिनीवर रोज उडी मारली की सगळा भार तळव्यावर येतो. त्यात खाली ओला, विष्ठेने माखलेला भुसा असेल, तर कातडी मऊ पडून सहज फाटते. आमची दांडी छातीइतक्या उंचीवर होती. ती गुडघ्याच्या खाली आणली, पॉलिश पेपरने घासून कडा गोल केल्या, खाली भाताचं कोरडं तूस अंथरलं. आता दर रविवारी रात्री, कोंबड्या पेंगत असताना, टॉर्च घेऊन एकेकीचा तळवा बघते. तांबडीच्या पायावर अजून फिकट गुलाबी वण आहे, पण ती दोन्ही पायांनी उकिरडा उकरते.