लंडनमधले पायरेट रेडिओ

लायसन्स न घेता रिकाम्या फ्रिक्वेन्सीवर बसून चालवलेलं स्टेशन म्हणजे पायरेट रेडिओ. नाव समुद्री चाच्यांचं आणि सुरुवातीला ते तंतोतंत लागू पण होतं, कारण १९६४ साली रेडिओ कॅरोलाइन इंग्लंडच्या किनाऱ्याबाहेर नांगरलेल्या जहाजावरून लागायचं, तिथवर ब्रिटिश कायद्याचा हात पोचत नव्हता. १९६७ च्या ऑगस्टमध्ये नवीन कायदा करून ती वाट बुजवली आणि महिना-दीड महिन्यातच बीबीसीने रेडिओ १ काढलं, डीजे बरेचसे जहाजावरचेच.

मग पायरेट जमिनीवर आले. १९७० ला रेडिओ इन्व्हिक्टा, सोल म्युझिकसाठी. १९८० च्या सुमारास पश्चिम लंडनमधून डीबीसी, म्हणजे ड्रेड ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन, नावातच बीबीसीची टर उडवलेली, वाजायचं मुख्यतः रेगे, म्हणजे जमैकाचं संगीत. कृष्णवर्णीयांच्या मालकीचं ब्रिटनमधलं पहिलं स्टेशन हेच मानतात.

एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, म्हणून एरियल जितका उंच तितकी रेंज जास्त, आणि पूर्व लंडनमध्ये उंच म्हणजे काउन्सिलच्या, म्हणजे तिथल्या पालिकेच्या, वीस-वीस मजली बिल्डिंगा. ट्रान्समीटर गच्चीवर किंवा लिफ्टच्या मशीनरूममध्ये लपवायचा, स्टुडिओ मात्र दुसरीकडेच कुणाच्या तरी फ्लॅटच्या बेडरूममध्ये, मधे मायक्रोवेव्ह लिंक, म्हणजे आवाज बिनतारी ट्रान्समीटरपर्यंत पोचवायचा. धाड पडली तर ट्रान्समीटर जायचा, माणसं आणि रेकॉर्ड्स वाचायची. आणि धाडच कशाला, दुसऱ्या स्टेशनवाले पण ट्रान्समीटर चोरून न्यायचे. चोराच्या घरी चोरी म्हणतात ती हीच.

कार्यक्रम म्हणाल तर ठराविक साचा असा नव्हता. वीकेंडला जोर, डीजेंना तासा-दोन तासांचे स्लॉट, आणि गंमत म्हणजे बऱ्याच ठिकाणी डीजेला पगार नाहीच, उलट त्यानेच दर आठवड्याला वर्गणी भरायची. मधेमधे रेव्ह पार्ट्यांच्या, हेअर सलूनच्या जाहिराती. एमसी, म्हणजे गाण्यावर माईकवरून बोलणारा, एखाद्याच्या मोबाइलचे शेवटचे तीन आकडे वाचून त्याला सलाम ठोकायचा, पूर्ण नंबर नाही की नाव नाही, पण ज्याला कळायचं त्याला कळायचं. गाणं आवडलं की लोक मिस्ड कॉल द्यायचे (हो, आपल्यासारखाच, बॅलन्स वाचवायला), कॉल धडाधड आले की डीजे रेकॉर्ड मागे फिरवून परत पहिल्यापासून लावणार. जंगल, गराज आणि पुढे ग्राइम हे लंडनचे नाचाचे आणि रॅपचे संगीतप्रकार ह्याच खोल्यांमधून वाढले. १९९१ चं कूल एफएम जंगलसाठी प्रसिद्ध, १९९४ चं रिन्स एफएम ग्राइमसाठी.

कायदा कडकच आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंडाला मर्यादा नाही. विमानांच्या आणि फायर ब्रिगेडच्या वायरलेसमध्ये अडथळा येतो ही ऑफकॉमची, म्हणजे ब्रिटनमधल्या प्रसारणावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची, तक्रार, आणि ती खोटी नाही. २००५ मध्ये रिन्सच्या एका संस्थापक डीजेला कोर्टाने टॉवर हॅम्लेट्स ह्या पूर्व लंडनच्या भागातल्या कुठल्याही इमारतीत परवानगीशिवाय चौथ्या मजल्याच्या वर जायला बंदी घातली, इतकी त्या गच्च्यांची धास्ती होती.

काही जण मात्र सरळ मार्गाला लागले. १९८५ मध्ये पायरेट म्हणून निघालेलं किस एफएम १९९० ला कायदेशीर झालं आणि रिन्सला २०१० मध्ये लायसन्स मिळालं, म्हणजे सोळा वर्षं चोरून वाजवल्यावर.