एक किलो डाळ आणि पाचवी फेरी

राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्याच्या डोंगराळ, आदिवासीबहुल भागात २००४च्या सुमारास सगळ्या लसी पूर्ण झालेली मुलं शंभरात पाचही सापडत नसत. लस तर सरकारकडून फुकट मिळत होती. पण उपकेंद्रावर जावं तर निम्म्याच्या आसपास वेळा परिचारिका जागेवर नसे. तान्हं मूल कडेवर घेऊन, दिवसाची मजुरी बुडवून गेलेली आई दाराला कुलूप पाहून परतली, तर ती पुन्हा लगेच कशाला जाईल?

तिथे काम करणाऱ्या ‘सेवा मंदिर’ या स्वयंसेवी संस्थेने ही अडचण हाती घेतली. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्तर डफ्लो आणि त्यांचे सहकारी सोबत होते. १३४ गावं सोडत काढून तीन गटांत वाटली. ३० गावांत दर महिन्याला ठरलेल्या दिवशी, ११ ते २ या वेळेत लसीकरण शिबिर भरू लागलं. परिचारिका खरंच पोहोचली का, हे तारीख-वेळ उमटलेल्या फोटोंवरून तपासलं जाई. आणखी ३० गावांत असंच शिबिर, शिवाय प्रत्येक टोचणीमागे एक किलो डाळ आणि सगळ्या लसी पूर्ण झाल्या की थाळ्यांचा संच. उरलेल्या ७४ गावांत नवं काहीच केलं नाही.

२०१०मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नवं काही न केलेल्या गावांत पूर्ण लसीकरण ६ टक्के, नुसत्या शिबिरांच्या गावांत १८ टक्के आणि डाळीच्या गावांत ३९ टक्के.

या आकड्यांमधली खरी गोष्ट मात्र शेवटच्या डोसांची आहे. पहिल्या टोचणीला मुलं दोन्ही प्रकारच्या शिबिरांत आली. फरक पडला तो पुढच्या फेऱ्यांत, आणि वैद्यकीयदृष्ट्या त्या फार मोलाच्या. घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताविरुद्धच्या लसीचा पहिला डोस शरीराला शत्रूची तोंडओळख करून देतो. त्यातून तयार होणारी प्रतिपिंडं (रोगाशी लढणारी रक्तातली प्रथिनं) थोडी असतात आणि लवकर ओसरतात. दुसऱ्या-तिसऱ्या डोसाला त्या शत्रूला लक्षात ठेवणाऱ्या स्मृतिपेशी झपाट्याने वाढतात, तेव्हा कुठे टिकाऊ संरक्षण मिळतं. हे तीन डोस ६, १० आणि १४ आठवड्यांना. गोवराची लस मात्र ९ महिन्यांनी, कारण आईकडून आलेली प्रतिपिंडं तोवर बाळाच्या रक्तात असतात आणि लसीतल्या विषाणूला ती आधीच निष्प्रभ करू शकतात. म्हणजे जन्मानंतरच्या बीसीजी या क्षयाविरुद्धच्या लसीपासून धरलं तर किमान पाच फेऱ्या. मूल तर ठणठणीत दिसतंय, मग ‘पुढच्या महिन्यात बघू’ असं कुणालाही वाटेल. डाळ त्या चालढकलीवरचा उपाय होती.

‘ही तर लाच झाली’ असा आक्षेप घेतला जातो. मला तो पटत नाही. मजुरी बुडवून येणाऱ्या बाईच्या पदरात किलोभर डाळ पडली, तर त्यात तिचा अपमान कसला? लसीवर तिचा मुळात विश्वासच नसता, तर तेवढ्या डाळीसाठी तिने पोटच्या पोराला सुई टोचून घेतली नसती.

खर्चाचा हिशेब तर आणखी चकित करणारा. पूर्ण लसीकरण झालेल्या प्रत्येक मुलामागे नुसत्या शिबिरांना सुमारे ५६ डॉलर लागले, डाळीसह २८. परिचारिकेचा पगार आणि येण्याजाण्याचा खर्च मुलं पाच आली काय किंवा पंधरा आली काय, तेवढाच. गर्दी वाढली की तो जास्त मुलांत विभागला जातो.

तरीही ३९ टक्के पुरेसे नाहीत. गोवराची साथ रोखायची तर सुमारे ९५ टक्के मुलं सुरक्षित असावी लागतात, इतका तो संसर्गजन्य. म्हणून पुढे हरियाणात याच प्रश्नावर मोठा प्रयोग झाला. डाळीऐवजी दर टोचणीला वाढत जाणारा मोबाइल रिचार्ज, पालकांना आठवणीचे एसएमएस, आणि ‘गावात कुणी सांगितलेली गोष्ट सर्वत्र पोहोचते?’ असं गावकऱ्यांनाच विचारून निवडलेली माणसं. या तिन्हींचा मेळ घातलेल्या ठिकाणी लसीकरण सर्वाधिक वाढलं. पैशांच्या मानाने सर्वांत फायदेशीर ठरले ते एसएमएस आणि निरोप पोहोचवणारी ही माणसं, रिचार्जशिवायच.