तबकडी विझली, रेडियम नाही

जुनी डायव्हर घड्याळं, म्हणजे पाणबुड्यांसाठी बनवलेली मनगटी घड्याळं, विकणारे आणि जमवणारे, दोघंही एक वाक्य हमखास ऐकवतात : "आता काळोखात चमकत नाही ना? म्हणजे रेडियम संपलंय. बिनधास्त घाला." इतक्या आत्मविश्वासाने इतकं चुकीचं वाक्य क्वचितच बोललं जात असेल.

शाळेत शिकलेलं अर्धायुष्य आठवा : किरणोत्सारी पदार्थाचे निम्मे अणू फुटायला लागणारा काळ. तबकडीवरच्या रेडियमचं, म्हणजे रेडियम-226चं, अर्धायुष्य सुमारे 1600 वर्षं आहे. म्हणजे 1955 साली तबकडीवर लावलेल्या रेडियमपैकी 97 टक्के आजही तिथेच आहे. (गाडीच्या नंबरप्लेटवर चिकटवतात ते 'रेडियम' म्हणजे पडलेला प्रकाश परत फेकणारा कागद. त्याचा इथे काही संबंध नाही.) मग सगळा माल शाबूत असताना दिवा का गेला?

आधी हा दिवा हवा कुणाला होता ते पाहू. रात्री किंवा गढूळ पाण्यात काम करणाऱ्या पाणबुड्याला वेळ दिसायलाच हवी, कारण नळकांड्यातली हवा किती मिनिटं पुरेल याचा हिशेब त्या काळी बराचसा मनगटावरच चाले. फ्लोरेन्सच्या पानेराईने 'रेडिओमीर' या रेडियमयुक्त लेपाचं पेटंट 1916 मध्ये घेतलं होतं. पुढे 1930च्या दशकात इटालियन नौदलाच्या पाण्याखाली उतरणाऱ्या सैनिकांसाठी त्याच नावाची घड्याळं तयार झाली. डिसेंबर 1941 मध्ये याच दलाच्या सहा जणांनी अलेक्झांड्रिया बंदरात रात्री शिरून दोन ब्रिटिश युद्धनौका निकामी केल्या. 1953 साली ब्लाँपँचं 'फिफ्टी फॅदम्स' आणि रोलेक्सचं 'सबमरीनर' आलं आणि फिरती बेझल (तबकडीभोवतीचं कडं), काळी तबकडी, जाड चमकते ठिपके हा साचा कायमचा ठरून गेला. सुरुवातीच्या त्या ठिपक्यांत रेडियमच होतं.

पण आपल्याला दिसतो तो प्रकाश रेडियमचा नव्हे. संग्राहक ज्याला ल्यूम म्हणतात त्या लेपात रेडियम अगदी चिमूटभराहूनही कमी असतं. बाकी सगळी झिंक सल्फाइडची पूड, तीत तांब्याचा किंचित अंश आणि सगळं धरून ठेवणारं वार्निश. उजळते ती ही पूड.

रेडियमचा अणुगर्भ फुटतो तेव्हा एक अल्फा कण, म्हणजे हेलियमचा अणुगर्भ, 47.8 लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा घेऊन सुटतो. हिरव्या प्रकाशाच्या एका फोटॉनला साधारण अडीच इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात. अल्फा कण झिंक सल्फाइडच्या स्फटिकात घुसला की वाटेतल्या असंख्य इलेक्ट्रॉनांना त्यांच्या बांधलेल्या ऊर्जापट्ट्यातून उचलून वरच्या मोकळ्या पट्ट्यात टाकतो. खाली इलेक्ट्रॉनाची रिकामी जागा राहते, तिला 'होल' म्हणतात. इलेक्ट्रॉन आणि होल स्फटिकात भटकत राहतात. तांब्याचा अणू जिथे बसलेला असतो तिथे या दोन पट्ट्यांच्या मधोमध ऊर्जेच्या काही जादा पायऱ्या असतात. होल तिथे अडकतं, इलेक्ट्रॉन त्यात पडतो आणि पडताना हिरवा फोटॉन सोडतो. एका अल्फामागे असे फोटॉन लाखाच्या घरात निघतात. म्हणूनच एकेका अणूचं फुटणं डोळ्यांना दिसू शकतं! ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम क्रुक्सने 1903 मध्ये नेमकं हेच दाखवणारं छोटं उपकरण केलं : झिंक सल्फाइडचा पडदा, वर रेडियमचा कण आणि एक भिंग. अंधाराला डोळे सरावले की सलग उजेडाऐवजी सुट्या ठिणग्या दिसतात. एक ठिणगी, एक अणू.

आता याची दुसरी बाजू. अल्फा कण इलेक्ट्रॉन उचलून थांबत नाही. प्रवासाच्या शेवटी वेग मंदावल्यावर तो थेट अणूंवर आदळू लागतो आणि कॅरमच्या सोंगट्यांसारखे ते जागचे उडवतो. जालकात, म्हणजे स्फटिकातल्या अणूंच्या नियमित मांडणीत, रिकाम्या जागा पडतात, भलतीकडे अणू अडकून बसतात. अशा प्रत्येक दोषापाशीही ऊर्जेच्या पायऱ्या तयार होतात, पण या पायऱ्या उतरताना फोटॉन निघत नाही. इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा जालकाच्या कंपनांना देऊन टाकतो, म्हणजे नुसती उष्णता. दोष वाढत गेले की इलेक्ट्रॉन तांब्यापर्यंत पोचण्याआधीच त्यांच्या तावडीत सापडतात.

एक मायक्रोग्रॅम रेडियम धरा. त्यात सेकंदाला 37,000 अणू फुटतात. प्रत्येकामागून, त्यातूनच पुढे बनत जाणारी रेडॉन-222, पोलोनियम-218 आणि पोलोनियम-214 हीदेखील एकेक अल्फा सोडतात, तेव्हा रेडॉन वायू लेपातच अडकून राहिला असं मानलं तर सेकंदाला जवळपास दीड लाख अल्फा. दहा वर्षांत सुमारे 47 लाख कोटी. इतका मारा खाऊन पूड मरते यात नवल नाही, काही वर्षं टिकते हेच नवल. ज्या लेपात रेडियम सढळ हाताने घातलं तो सुरुवातीला जास्त उजळला आणि लवकर मेला. तपकिरी पडलेला, न चमकणारा ठिपका याचा अर्थ इतकाच की रेडियमने आपला दिवा स्वतःच फोडला आहे. ते स्वतः अजून 97 टक्के कामावर आहे.

1960च्या दशकात रेडियम मागे पडलं आणि ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचा किरणोत्सारी प्रकार, आलं. इथे गणित बरोब्बर उलटं होतं. ट्रिटियमचं अर्धायुष्य 12.3 वर्षं. साठ वर्षांत साडेतीन टक्क्यांहून कमी उरतं. त्याचा बीटा कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, फार तर 18,600 इलेक्ट्रॉन-व्होल्टचा. शिवाय तो इतका हलका की अख्खा अणू जागचा हलवण्याइतका धक्का त्याला देताच येत नाही. त्यामुळे इथे पूड बरीचशी शाबूत राहते आणि इंधन खरोखर संपतं. विक्रेत्याचं ते वाक्य ट्रिटियमच्या घड्याळाला चालेल. तबकडीच्या तळाशी 'स्विस' या शब्दाच्या दोन्ही बाजूंना टी अक्षर दिसलं की ट्रिटियम समजावं; ब्रिटिश लष्करी डायव्हर घड्याळावर तेच अक्षर वर्तुळात असतं. अमेरिकन नौदलाच्या टॉर्नेक-रेव्हिल घड्याळात प्रोमिथियम-147 हे आणखी एक किरणोत्सारी मूलद्रव्य होतं. त्याचं अर्धायुष्य अडीच वर्षांच्या आसपास, त्यामुळे ते आता संपल्यातच जमा. 1990च्या दशकात जपानच्या नेमोतो कंपनीचं ल्युमिनोव्हा आलं. ते किरणोत्सारी नाही, प्रकाश पिऊन घेऊन हळूहळू परत देतं. आणि गंमत म्हणजे आता काही कंपन्या नव्याकोऱ्या घड्याळांवर मुद्दाम मेलेल्या रेडियमचा मळकट रंग लावतात. हौसेला मोल नाही, पण हे जरा अतीच.

मग रेडियमचं घड्याळ घालावं की नाही? न उघडलेल्या घड्याळाची काच अल्फा पूर्ण अडवते. थोडे गॅमा किरण बाहेर येतात, ते प्रामुख्याने रेडियममधूनच पुढे बनणाऱ्या बिस्मथ-214चे. अधूनमधून मनगटावर घालायला माझी हरकत नाही. धोका आहे तो पूड शरीरात जाण्याचा. न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावच्या कारखान्यात तबकड्या रंगवणाऱ्या मुलींना कुंचल्याचं टोक ओठांनी जुळवायला शिकवलं होतं. शरीर रेडियमला कॅल्शियम समजून हाडांत साठवतं. त्यांचे जबडे सडले, अनेक जणी गेल्या. पाच जणींनी लढवलेल्या खटल्यात 1928 मध्ये तडजोड झाली. त्याच सुमारास रेडियमचं पाणी टॉनिक म्हणून बाटलीत विकलं जात होतं. ते भरपूर प्यायलेले अमेरिकन उद्योगपती एबेन बायर्स 1932 मध्ये दगावले. हे सगळं जुन्या अडाणी जगातलं वाटत असेल, तर डिसेंबर 2021 पाहा. '5जी'पासून रक्षण करणारी म्हणून विकली जाणारी लॉकेटं आणि कडी किरणोत्सारी आहेत, असा इशारा नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा यंत्रणेला द्यावा लागला. ऊर्जा हा शब्द ऐकून पाकीट उघडणाऱ्यांची जात काही नामशेष झालेली नाही.

संग्राहकांनी रेडॉनचा मात्र विचार करावा. तो वायू आहे, घड्याळातून झिरपतो. ब्रिटनमध्ये 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 30 जुन्या लष्करी घड्याळांमुळे खोलीतला रेडॉन सुरक्षित पातळीच्या शंभराहून अधिक पट झाल्याचं दिसलं. संग्रह मोठा असेल तर तो बंदिस्त निजायच्या खोलीतल्या कपाटात नको.

ओळखायला दोन साधनं पुरतात. गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सार मोजणारं यंत्र, ट्रिटियमला काचेतून दाद देत नाही, रेडियमला लगेच कडकडतो. अतिनील टॉर्च मारून विझवली की अस्सल जुना रेडियमचा ल्यूम जवळपास त्याच क्षणी विझतो. मिनिटानुमिनिटं हिरवा राहिला तर वर ल्युमिनोव्हा आहे. आपल्या मुंबईने तर या धंद्यात नावच काढलं आहे : नव्याने रंगवलेल्या तबकड्यांच्या जुन्या घड्याळांना जगभरचे संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणतात. तेव्हा 1958चं एखादं डायव्हर घड्याळ रात्रभर लख्ख चमकताना दिसलं, तर ल्यूम कोणी बदलला हे विचाराच आणि खरवडलेली पूड कुठे गेली तेही.