इंजिन बंद पडलं की छोटं विमान दगडासारखं पडतं? नाही हो!

लँडिंगच्या वेळी छोटं खाजगी विमान पडल्याची बातमी आली की लगेच सुरू होतं, "इंजिन बंद पडलं असणार, मग काय, दगडासारखं खाली". वर्षानुवर्षं हेच फिरतंय आणि ते चुकीचं आहे. विमानाला हवेत धरून ठेवतात पंख, इंजिन फक्त वेग देतं. सेसना 172 या छोट्या विमानाचं इंजिन 3000 फुटांवर बंद पडलं तरी नाक थोडं खाली करून ताशी 120 किलोमीटरच्या आसपास वेग धरला तर, वारा नसेल तेव्हा, ते साधारण 8 किलोमीटर तरंगत जातं, पायलटला ट्रेनिंगमध्ये हेच तर घोटून घेतात.

खरा घात बरेचदा चालू इंजिनवर होतो. रनवेसमोर यायचं शेवटचं वळण घेताना विमान रनवेच्या सरळ रेषेच्या जरा पुढे निघून जातं, मग पायलट घाईत वळण आवळतो, रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारा शेपटीवरचा भाग) जास्त दाबतो, नाक खाली जातंय म्हणून स्टिक मागे ओढतो आणि आतल्या बाजूचा पंख हवेवरची पकड आधी सोडतो की विमान त्याच बाजूला गपकन कलंडतं. उंची असते जेमतेम 500 फूट, त्यात सावरायला जागाच नाही. 45 अंश कलून उंची टिकवत वळलं तर पंखांची पकड सुटू नये म्हणून सरळ उडताना लागतो त्यापेक्षा जास्तीचा वेग लागतो, तोही जवळपास 19 टक्के!

आणि हे टाळता येतं हो, वळण चुकलं की पॉवर देऊन सरळ वर जायचं आणि पुन्हा फेरी मारून यायचं. त्यात कमीपणा कसला?