व्हीलचेअरचं माप घेणारी माणसं

दिव्यांगांसाठीच्या साहित्य वाटप शिबिरांत बहुतेकदा व्हीलचेअर एकाच मापाच्या येतात. नाव पुकारलं जातं, खुर्ची मिळते, फोटो निघतो. ज्याला त्या खुर्चीत रोज आठ-दहा तास काढायचे आहेत, त्याच्या कंबरेला मापाची टेप लागलेलीच नसते. चष्मा आपण असा घेऊ का?

मज्जारज्जूला इजा झाली की इजेच्या खालच्या भागातली संवेदना कमी होते किंवा जाते. धडधाकट माणूस बसल्या बसल्या सारखी चुळबुळ करतो, कारण एका जागी भार आला की टोचतं, दुखतं. हा इशाराच ज्याला मिळत नाही, तो तासन्‌तास हलत नाही. बैठकीची दोन हाडं खालच्या मांसाला आणि त्वचेला दाबत राहतात, बारीक रक्तवाहिन्या चेपतात आणि पेशींना प्राणवायू मिळेनासा होतो. यातूनच बेडसोअर, म्हणजे दाबाने पडणारी जखम, होते. वर नुसता लालसर डाग दिसत असताना आत हाडालगतचं मांस खराब झालेलं असू शकतं. पुढे जंतुसंसर्ग हाडापर्यंत किंवा रक्तात पोचला, तर जिवावर बेततं.

म्हणून खुर्ची मापाची लागते. सीट फार रुंद असेल तर माणूस एका बाजूला कलतो आणि पाठीचा कणा वाकतो. सीट खोल असेल तर तिची कड गुडघ्यामागे रुतते. ती टाळायला माणूस पुढे घसरून पोक काढून बसतो आणि भार माकडहाडावर येतो. पाय ठेवायची पट्टी जास्त उंच असली, तर मांड्या सीटवरून उचलल्या जातात आणि सगळं वजन त्या दोन हाडांवर पडतं. ती पट्टी दोन-तीन सेंटीमीटर खाली घेतली की भार मांड्यांवर पसरतो. त्यासाठी एक पाना पुरतो, पण तो कुठे फिरवायचा हे शिकलेलं असावं लागतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली व्हीलचेअर सेवेचा पायाभूत प्रशिक्षण संच काढला. साधारण आठवडाभराच्या या प्रशिक्षणात नोंदणी, तपासणी, खुर्चीची निवड, निधी आणि मागणी, जुळणी, फिटिंग, वापरणाऱ्याचं शिक्षण आणि नंतरची देखभाल-दुरुस्ती अशा आठ पायऱ्या शिकवतात. त्यातली दाब तपासायची पद्धत मला फार आवडते. तिला यंत्र लागत नाही. आधी सांगून, परवानगी घेऊन खुर्ची जुळवून देणाऱ्याने आपली बोटं उशी आणि बैठकीचं हाड यांच्या मधे सरकवायची. बोटांची टोकं थोडी वरखाली हलली तर दाब सुरक्षित. हलत नाहीत, पण बोटं सहज बाहेर निघतात, तर सावध व्हायचं. बोटं चिमटली आणि काढताना जोर लागला, तर उशी बदलायची. दर काही वेळाने पुढे किंवा बाजूला झुकून भार हलका कसा करायचा, हेही वापरणाऱ्याला करून दाखवायचं असतं. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा न राहणं) असलेल्या मुलांसारख्या ज्यांना ताठ बसायला वेगळा आधार लागतो, त्यांच्यासाठी वरच्या पातळीचं प्रशिक्षण आहे.

कृत्रिम पायाचंही असंच आहे. शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या पायाची सूज काही महिन्यांत ओसरते, त्याचा आकार बदलतो आणि पहिलं सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो तो कृत्रिम पायाचा खोलगट भाग, सैल पडतं. ते पुन्हा जुळवणारा तज्ज्ञ जवळपास नसेल, तर पाय कपाटावर जातो. आपल्याकडे कृत्रिम अवयव बसवण्याच्या या व्यवसायाची पदवी मिळते. मुंबईत हाजी अलीजवळची, १९५५ साली सुरू झालेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था हे शिक्षण देते. भारतीय पुनर्वास परिषदेच्या १९९२च्या कायद्याने अशा व्यावसायिकांना नोंदणीही बंधनकारक केली.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२२च्या अहवालानुसार जगात अडीचशे कोटींहून अधिक लोकांना किमान एका सहायक साधनाची गरज आहे आणि जवळपास शंभर कोटींना ते मिळत नाही. एवढ्यांना पदवीधर पुरणार नाहीत, हे उघड आहे. म्हणून साध्या साधनांची कामं तालुक्याच्या दवाखान्यातल्या नर्स आणि आरोग्यसेवकांना शिकवायला हवीत. आणि खुर्ची चालवायला, उंबरठा ओलांडायला, खुर्चीतून पलंगावर सरकायला शिकवण्यासाठी अनेक वर्षं व्हीलचेअर वापरणारी माणसंच मानधन देऊन नेमावीत.